गर्दीच्या वरून

काल गोव्यात, फोंड्याला शिगम्याची म्हणजे होळीच्या सणाची मिरवणूक. समोर नुसत्या पाठी आणि उंच धरलेले मोबाइल. भाचीने पिशवीतून पुठ्ठ्याचा पेरिस्कोप काढून माझ्या आईच्या हातात दिला. "आजी, खालच्या आरशात बघ."

शाळेसाठी बनवलेला. दोन टोकांना 45 अंशांत दोन आरसे. पहिला जे उलटं करतो, ते दुसरा सुलट करतो. पहिल्या महायुद्धात खंदकातले सैनिक डोकं वर न काढता असंच पाहायचे.

आई बराच वेळ गप्प. एक डोळा मिटलेला, हात थोडे थरथरणारे. मग एकदम म्हणाली, "अगो, घोडेमोडणी! कमरेचे घोडे दिसले गो मला!" घोडेमोडणी म्हणजे कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून केलेला नाच.

दरवर्षी तिला आम्ही हौसेने नेतो, खुर्चीवर बसवतो. तिथून काय दिसतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारता?