३.४० आणि ८.१०

गेल्या महिन्यात माझा पहिला पेपर छापून आला. एमडी होऊन सतरा वर्षं झाली. थिसिस सोडला तर इंग्रजीत सलग तीन पानं मी कधी लिहिली नव्हती, आणि थिसिसमधलाही निम्मा भाग आधीच्या बॅचच्या थिसिसवरून उतरवलेला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. पेपर दीड हजार शब्दांचा आहे. त्याला चौदा महिने लागले.

माझं हॉस्पिटल कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगराकडच्या बाजूला आहे. बारा खाटा, एक व्हेंटिलेटर, रात्रीला एक सिस्टर. तालुका मुद्दाम लिहीत नाही.

पावसाळ्यात एका पहाटे सहाच्या सुमाराला विशीतल्या एका पोराला घेऊन आले. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला. चारला पोटात कळ येऊन उठला, दोन उलट्या झाल्या, घरच्यांनी ओवा दिला. माझ्यासमोर बसवला तेव्हा पापण्या अर्ध्यावर आलेल्या आणि आवाज नाकातून येत होता. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, तर व्यवस्थित गोठलं, म्हणजे रक्त बिघडवणारं विष नव्हतं. आमच्याकडच्या डॉक्टरला यापुढे काही सांगावं लागत नाही. मण्यार. तिचे दात इतके बारीक की झोपलेल्या माणसाला चावल्याचं कळतही नाही.

एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल दिल्या, पुढे आणखी दहा. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप देणारं रसायन टिकवून ठेवणारं निओस्टिग्मिन दिलं, त्याला दाद मिळाली नाही. मण्यारचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, तिथून रसायनच सुटत नाही, मग निओस्टिग्मिन राखणार काय? नऊ वाजता नळी घालून व्हेंटिलेटर लावला. संध्याकाळपर्यंत बाहुल्या पसरून स्थिर झाल्या, टॉर्चला काही हालचाल नाही, हातापायात काही नाही. बाहेरून बघणाऱ्याला मेंदू मेलेला माणूस वाटावा. मण्यारच्या दंशात असं दिसू शकतं आणि असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो, हे मी वाचलेलं होतं. तरी त्याचा काका खाटेशेजारी येऊन "सर, राम हाय का न्हाई ते एकदाच सांगा" म्हणाला, तेव्हा मी "आता वरच्याच्या हातात" असं बोलून गेलो. खाटेशेजारीच.

पोरगा नवव्या दिवशी नळीवरून सुटला आणि चौदाव्या दिवशी चालत घरी गेला.

त्यावर लिही म्हणून मित्रांनी मागे लागायला सुरुवात केली. कोल्हापुरातल्या एकाने तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचंच उदाहरण दिलं. विंचूदंशावरचा त्यांचा पेपर १९८२ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये आला, तेव्हा कुठला इंटरनेट होता, वगैरे. हे उदाहरण आमच्याकडे प्रत्येक खेड्यातल्या डॉक्टरला ऐकवलं जातं आणि ऐकून प्रत्येक जण पुन्हा ओपीडीत जाऊन बसतो. बावस्करांनी रुग्णामागून रुग्ण बघून, त्यांच्या नोंदी ठेवून ते लिहिलं होतं. माझ्याकडे एक पोरगा होता आणि एक केस पेपर. शिवाय केस रिपोर्ट, म्हणजे एकाच रुग्णाची हकीकत सांगणारा पेपर, मेडिकल कॉलेजात बढतीसाठीही धरत नाहीत. मला बढती कुठे हवी होती म्हणा.

तरी बसलो. केस रिपोर्ट कसा लिहावा याची एक यादी आहे, 'केअर' नावाची, २०१३ सालची. तेरा मुद्दे. शीर्षकात 'केस रिपोर्ट' हे शब्द हवेत इथपासून सुरुवात. बहुतेक मुद्दे नुसते टिक करायचे असतात. दोन मात्र मला नडले.

एक होता घटनाक्रम. काय किती वाजता झालं त्याचा तक्ता करायचा. माझ्या डोक्यात सगळं पक्कं होतं: दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला मी गेलो, पोराला हाक मारली, त्याच्या डाव्या पायाचा अंगठा हलला, आणि मला कळलं की हा आत जागा आहे. ही गोष्ट मी तोवर किमान दहा जणांना सांगितली होती. डॉक्टरांच्या एका सीएमईत, म्हणजे प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात, स्लाइड लावूनही सांगितली होती.

मग नर्सिंग चार्ट काढला. रात्रीच्या सिस्टरांच्या अक्षरात, निळ्या शाईत: "३.४० एएम. तोंडाने सांगितल्यावर डाव्या पायाचा अंगठा हलवला, दोनदा. डॉक्टरांना फोनवर कळवले." माझ्या अक्षरातली पुढची नोंद ८.१०ची, त्यात झोपेचं औषध सुरू केल्याचं.

फोन आठवला. मी म्हणालो होतो, "रिफ्लेक्स असेल सिस्टर, ब्रेन डेथमध्येही बोटं हलतात. सकाळी बघू." आणि झोपलो होतो. वाक्य वैद्यकीयदृष्ट्या खोटं नाही. पाठीच्या कण्यातून तशी हालचाल होते. पण सांगितल्यावर, दोनदा, होत नाही.

तक्त्यात दोन्ही वेळा लिहिल्या. मजकुरात मात्र "दुसऱ्या दिवशी रुग्ण सूचना पाळत असल्याचे आढळले" असं कर्मणीत टाकलं. इंग्रजीत ते फारच सभ्य वाटतं. कुणाला आढळलं, किती वाजता, मग काय केलं, यातलं काही सांगावं लागत नाही.

दुसरा नडलेला मुद्दा म्हणजे रुग्णाचं स्वतःचं म्हणणं. त्यासाठी पोराला बोलावलं. संमतीचा फॉर्म मराठीत करून वाचून दाखवला. अडचण फोटोची होती. पापण्या पडल्याचा फोटो हवा, आणि डोळ्यांवर काळी पट्टी टाकली तर दाखवायचं तेच झाकलं जातं. तशीही ती पट्टी आता ओळख लपवायला पुरेशी मानत नाहीत. तो म्हणाला, "टाका की. कोल्हापुरात कोण बघणार हाय?" मी सांगितलं, की नेटवर जाणार, कायमचा जाणार, मागे घेता येणार नाही. थोडा वेळ गप्प बसून त्याने सही केली. हे ब्लॉगवर लिहितानाही त्याला विचारलं आहे.

मग आठवतं ते सांग म्हटल्यावर तो सहज बोलला, "मला सगळं ऐकू येत हुतं. काका रडत हुता. तुम्ही वरच्याच्या हातात म्हणालात ते बी." पुढे म्हणाला, "त्या बाई रात्री बोलत हुत्या माझ्यासंगट. अंगठा हलीव म्हणल्या. लई जोर लावला तवा हलला." जर्नलला हे ऐंशी शब्दांत हवं होतं, इंग्रजीत. "लई जोर लावला" याचं भाषांतर मला अजून जमलेलं नाही. जे केलं ते सपाट आहे.

बाकीची तयारी म्हणजे कारकुनी. रेफरन्स व्हँकुव्हर पद्धतीने: १९७८ साली काही संपादक व्हँकुव्हरला जमले, तिथून ती पद्धत निघाली. सहापर्यंत सगळे लेखक, त्यापुढे सहा नावं देऊन 'एट अल', म्हणजे 'आणि इतर'. फोटो ३०० डीपीआयचा हवा. माझा मूळ फोटो फोनमधून उडालेला, उरला होता तो व्हॉट्सअ‍ॅपने चिरडलेला. शेवटी सिस्टरांच्या फोनमध्ये धड सापडला. तपासणाऱ्याला कळू नयेत म्हणून लेखकांची नावं मजकुरातून काढली, तर चार दिवसांनी फाइल परत: वर्डच्या प्रॉपर्टीत लेखक म्हणून आमच्या बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्याचं नाव होतं, टाइप त्याच्याकडे केलं होतं ना. ते काढलं. पुन्हा परत: चार्टच्या फोटोत कोपऱ्यात हॉस्पिटलचा शिक्का. अपलोड करताना दोनदा लाइट गेली.

पहिल्या जर्नलने तीन दिवसांत नाकारलं, रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांकडे तपासायला, न पाठवता. कारणाच्या जागी दोन ओळींचं छापील पत्र. वाईट वाटलं, पण तीन दिवसांत कळवलं याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. त्याच आठवड्यात 'परमपूज्य डॉक्टर' छापाच्या इमेली सुरू झाल्या, बाहत्तर तासांत छापून देऊ, इतके डॉलर पाठवा. एका अशक्त रात्री मी त्या रकमेचे रुपये करून पाहिले होते. दुसऱ्या जर्नलने साडेचार महिने ठेवून घेतला आणि मग दोन रिव्ह्यूअरांची मतं पाठवली.

रिव्ह्यूअर एक सज्जन होता. मी सुरुवातीला भारतात सर्पदंशाने वर्षाला ४६ हजार मृत्यू असं लिहिलं होतं, २०११च्या पेपरवरून. त्याने सांगितलं की २०२०च्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू धरले आहेत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, तो आकडा घ्या. घेतला.

रिव्ह्यूअर दोनचे अकरा प्रश्न होते. दहांची उत्तरं एका रविवारी लिहून झाली. सातवा असा होता, मी माझ्या शब्दांत सांगतो: तक्त्यानुसार ३.४०ला रुग्ण शुद्धीवर असल्याचं दिसलं आणि झोपेचं औषध ८.१०ला सुरू झालं. मधले साडेचार तास पूर्ण लुळा पण जागा असलेला माणूस औषधाविना का ठेवला, आणि ३.४०ची तपासणी नेमकी कुणी केली?

मी उठून चहा केला. हा माणूस कुठे बसतो, त्याचं नाव काय, काही कळायची सोय नाही. त्याने माझं हॉस्पिटल पाहिलं नव्हतं आणि तो चार्टही पाहिला नव्हता. नुसत्या दोन आकड्यांमधली जागा त्याला दिसली होती. उत्तर चार वेळा लिहिलं. पहिल्यात मनुष्यबळाची कमतरता होती. दुसऱ्यात ग्रामीण भागाच्या मर्यादा. तिसऱ्यात रिफ्लेक्सवर दोन रेफरन्स होते. चौथं तीन वाक्यांचं: तपासणी रात्रपाळीच्या परिचारिकेने केली, तिने पहिल्या लेखकाला कळवलं, पहिल्या लेखकाने ती रिफ्लेक्स समजून दुर्लक्षित केली. तेच मजकुरातही घातलं, चर्चेच्या दुसऱ्या परिच्छेदात.

आणि मग प्रश्न आला तो लेखकांचा. पेपरवर तोवर माझं आणि भूलतज्ज्ञ मित्राचं नाव होतं. फोटो मी पहिल्या दिवशी एका मोठ्या सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. "क्रेट वाटतोय, शिफ्ट करा" एवढं उत्तर आलं होतं, क्रेट म्हणजे मण्यार. पेपर लिहितोय कळल्यावर सरांचा फोन आला, "माझं नाव टाकलंस ना?" आपल्याकडे हे असंच चालतं, आणि मी आधीच्या आयुष्यात बिनतक्रार टाकलंही असतं. पण लेखक कुणाला म्हणावं याबद्दल वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात भाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्याची जबाबदारी. चारही हव्यात. सरांचे आभार मानले, शेवटी, एका ओळीत. त्यानंतरच्या दिवाळीला त्यांचा मेसेज आला नाही.

सिस्टरांचीही पहिली एकच अट पूर्ण होत होती. पण त्याच नियमात पुढे असं आहे की पहिली अट पूर्ण करणाऱ्याला उरलेल्यांत भाग घ्यायची संधी द्यावी. हे वाक्य फार कमी लोक शेवटपर्यंत वाचतात. एका दुपारी ओपीडी आटोपल्यावर मी त्यांना अख्खा मसुदा मराठीत सांगत वाचून दाखवला. त्या हातातलं गॉझ घड्या करत ऐकत होत्या. ३.४०च्या ओळीला थांबल्या.

"इथं काय लिहिलंय म्हणालात?"

"ड्युटीवरच्या नर्सला शंका आली, असं."

"शंका नाही सर. मी दोनदा करून घेतलं. एकदा उजवा सांगितला, तो नाही हलला. डावा सांगितला, दोन्ही वेळा हलला."

उजव्याचं मला माहीतच नव्हतं. चार्टवर ते नाही. वाक्य बदललं, आणि उजव्याबद्दल नोंद नसून परिचारिकेच्या आठवणीवरून लिहिल्याचं तिथे नमूद केलं.

लेखक म्हणून सिस्टरांचं नाव घालतानाही गोंधळ झाला. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. "नोकरी ज्या नावाने केली ते टाका," म्हणाल्या. ऑर्किडचा, म्हणजे लेखकाच्या ओळखीचा, सोळा आकडी नंबर काढून दिला, तेव्हा बँकेच्या पासबुकाशेजारी वहीत लिहून ठेवला.

सुधारित मसुदा स्वीकारला गेला आणि मग एका शुक्रवारी प्रूफ आलं. अठ्ठेचाळीस तासांत तपासून पाठवायचं. शुक्रवारी रात्री मी दोनदा वाचलं. स्वल्पविराम दुरुस्त केले, मित्राच्या नावातलं एक स्पेलिंग दुरुस्त केलं. शनिवारी सिस्टर ड्युटीवर आल्या तेव्हा पाहायला म्हणून प्रिंट त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिलं पान बाजूला ठेवलं, कारण त्यात इंग्रजी फार, आणि तक्त्यावर बोट ठेवून ओळीने खाली आल्या.

"सर, हे पीएम झालंय."

मी पाहिलं. "३.४० पीएम." जुळणी करताना कुणाची तरी कळ चुकली असेल. दुपारी ३.४०, म्हणजे ८.१०च्या साडेसात तास नंतर. त्या तक्त्यात आधी मी औषध सुरू केलं होतं आणि मग पोराचा अंगठा हलला होता. रिव्ह्यूअर दोनला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं: तक्ता १, ओळ ६, पीएमऐवजी एएम. पाठवायच्या आधी सिस्टरांनी ८.१०ची ओळही पुन्हा एकदा बघून घेतली.