डावा हात खिशात

बुधवार, रात्र

नेमबाजीच्या रेंजवर आज एक नवा मुलगा आला. सिनेमात बघितल्याप्रमाणे पिस्तूल दोन्ही हातांनी धरून उभा! सरांनी काही न बोलता त्याचा डावा हात धरला आणि सरळ त्याच्याच खिशात घातला.

10 मीटर एअर पिस्तूलचा नियमच तो. एकच हात, मनगटाला कसलाही आधार नाही. किलोभर वजन हात लांब करून धरलं की हलणारच. नेमबाज राही सरनोबतचंही हलत असेल. किती कमी, ते आपण विचारू नये.

खरी गंमत हिशेबात आहे. मनगट न मोडता अख्खा हात मिलिमीटरभर सरकला, तर छर्राही तेवढाच सरकतो. पण फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाची खूण, मागच्या साइटच्या खाचेत मिलिमीटरभर कलली, तर कागदावर साधारण 30 मिलिमीटरची चूक. दोन साइट्समध्ये फूटभराहून थोडं जास्त अंतर आणि टार्गेट 10 मीटरवर, त्यामुळे. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे शॉट थेट सातच्या कडेला. म्हणून नजर फ्रंट साइटवर ठेवायची, टार्गेट धूसर दिसलं तर दिसू द्यायचं. गोट्या खेळून वाढलेल्या डोळ्यांना हे पटता पटत नाही.

ट्रिगर 500 ग्रॅम जोराने सुटणारा. तर्जनी एकटीच हलायला हवी. बाकीची बोटं तिच्याबरोबर आवळली की नळी खाली झुकते. दोन हातांच्या पकडीत दुसरा हात ही चूक बरीचशी सांभाळून घेतो. एका हाताने मारताना ती लगेच कागदावर दिसते. मला तर हीच पद्धत शिकायला बरी वाटते, लोक तिला जुनाट म्हणोत.

सामन्यात 60 शॉट्सना 75 मिनिटं मिळतात. होल्ड, म्हणजे रोखून धरलेला हात, बिघडला की हात खाली घ्यावा, हे सगळ्यांना पाठ. पण वर गेलेला हात शॉट न सोडता खाली आणायचा म्हणजे जिवावर येतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, हे सांगायला सर अशा वेळी हंगेरीचा नेमबाज कारोली ताकाच याचं नाव काढतात. 1938 मध्ये हातबॉम्बने उजवा हात गेला, डाव्याने पुन्हा शिकला आणि रॅपिड फायरमध्ये, म्हणजे झटपट पाठोपाठ गोळ्या मारायच्या प्रकारात, 1948 आणि 1952 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली.

जेवणानंतर कोऱ्या भिंतीसमोर ड्राय केलं, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव. आई म्हणाली, "भिंतीवर काही नाहीये, मग नेम कशावर?" नेम नाहीच, नुसता ट्रिगर. उद्या सर पांढऱ्या कागदावर मारायला लावणार आहेत, स्कोअर लिहायचा नाही म्हणे. मग वहीत काय लिहायचं, बघू.