तुम्ही विचारलंत म्हणून: वैनगंगेच्या काठावर बसून शिडाच्या होड्यांच्या फायली

“आपल्या इथून मुंबईचा समुद्र नऊशे किलोमीटर. मग तू शिडाच्या होड्यांचं नेमकं करतोस तरी काय?” नागपूरचे जुने सोबती विचारतात, भंडाऱ्यात भेटणारे ओळखीचे विचारतात. पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात हाच प्रश्न असा येतो: “कंप्युटरात डोंगे काहून पाहून राहिला गा?” उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दर वेळी अर्धंच राहतं, म्हणून आज लिहून काढतो.

मुंबईच्या बंदरात काही मुलं ऑप्टिमिस्ट आणि आयएलसीए या एकट्यानं चालवायच्या होड्यांवर सराव करतात. होडीवर किंवा मनगटावर जीपीएस असतं. सराव संपला की त्यांचे प्रशिक्षक त्या दिवसाच्या फायली मला पाठवतात. कोणती फाईल कोणाची, ती किती वाजताची, त्यातला खरा सराव कुठून कुठवर आणि वारा कुठून होता, हे लावून मी ती परत पाठवतो. पुढचं विश्लेषण त्यांचं. होडी कशी चालवावी हे मी कोणाला शिकवत नाही. माझं शिक्षण जमीन मोजणीचं आणि जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं. आधी आमच्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या हद्दी मोजत फिरायचो. मोजणीत पहिल्या दिवसापासून कळतं की कागदावरची रेघ शेवटी कोणाच्या तरी नावावर लागते. इथं आकडा मुलाच्या नावावर लागतो. बारा वर्षांच्या मुलीला कोणी “तुझा वेग कमी पडतो” म्हटलं, तर ते वाक्य ती घरी घेऊन जाते. तो वेग खरा होता की फाईलमधली चूक, हे त्याआधी कोणीतरी नीट पाहिलेलं असावं, एवढ्यासाठी हे काम आहे.

आलेल्या मूळ फाईलला मी हात लावत नाही. ती वेगळ्या फोल्डरात, फक्त वाचता येईल अशी ठेवतो. कापणं, जोडणं सगळं नकलेवर. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर शिडावरचा क्रमांक आणि यंत्राचा प्रकार. असं लिहिलं की फायली आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात.

मूळ प्रत जपण्याचं आणखी एक कारण आहे. चांगलं जीपीएस वेग काढताना उपग्रहाच्या लहरींत पडणारा डॉप्लर फरक वापरतं, आणि तो वेग बराच भरवशाचा असतो. पण जीपीएक्स या मार्ग साठवायच्या फाईल-प्रकाराच्या १.१ या प्रचलित आवृत्तीत वेगासाठी ठरलेली जागाच नाही. कोणी फाईल बदलून जीपीएक्स करून पाठवली की पुष्कळदा तो वेग गळून जातो आणि सॉफ्टवेअर दोन ठिकाणांमधलं अंतर मोजून नवा वेग काढतं. ठिकाणात एका सेकंदाला दोन मीटरची चूक पडली, तर वेगात जवळजवळ चार नॉटचा फरक पडतो (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). छोटी होडी वाऱ्याकडं जाते तीच मुळी चार नॉटच्या आसपास! म्हणून मी मुलांना सांगतो, यंत्रातून जशी निघाली तशीच फाईल द्या.

वेळेचा घोळ तर नेहमीचा. फाईलमध्ये वेळ जागतिक असते, आपली घड्याळं साडेपाच तास पुढं. प्रशिक्षकांच्या कॅमेऱ्यात भारतीय वेळ असते, तेव्हा व्हिडिओ आणि ट्रॅक (होडीच्या मार्गाची नोंद) जुळवण्याआधी दोन्ही एका वेळेवर आणावे लागतात. याहून बारीक गोष्ट १८ सेकंदांची. उपग्रहांची स्वतःची वेळ २०१७ च्या जानेवारीपासून जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढं आहे. हा फरक यंत्राला उपग्रहाकडूनच कळतो, आणि तो संदेश साडेबारा मिनिटांत एकदाच येतो. बरेच दिवस बंद असलेलं यंत्र घाईत सुरू करून पाण्यात उतरलं, तर सुरुवातीची काही मिनिटं १८ सेकंद चुकीची नोंदली जाऊ शकतात. शर्यत सुरू होण्याचा भोंगा वाजताना कोणती होडी सुरुवातीच्या रेघेच्या किती मागं होती हे पाहायचं असतं. तिथं १८ सेकंद म्हणजे सगळंच. उपाय अगदी साधा: यंत्र किनाऱ्यावर उघड्या आभाळाखाली पंधरा मिनिटं आधी चालू करा.

अक्षांश-रेखांशांचीही एक खोड आहे. काही यंत्रं अंश आणि मिनिटं जोडून लिहितात. १८५४ म्हणजे १८ अंश ५४ मिनिटं, दशांशात १८.९०. कोणी ते १८.५४ असं वाचलं आणि रेखांशही तसाच वाचला, की मुंबईची होडी रेवदंड्यासमोर भर समुद्रात जाऊन पडते. ही चूक नकाशावर लगेच दिसते, त्यामुळं मला तिची भीती नाही. भीती असते ती न दिसणाऱ्या चुकांची.

उदाहरणार्थ ओढून नेणं. वारा पडला की प्रशिक्षकांची मोटारबोट होड्यांना दोरीनं ओढत नेते. यंत्र चालूच असतं. मग त्या दिवसाचा सर्वाधिक वेग म्हणून फाईल नेमका तोच तुकडा दाखवते आणि मुलाला वाटतं, आपण आज कमाल केली. ओळखायचं कसं? सरळ रेघ, एकसारखा वेग आणि तोंड थेट वाऱ्याकडं. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडात जाऊच शकत नाही. तिला चाळीस-पंचेचाळीस अंशांवरून नागमोडी जावं लागतं. असा तुकडा मी वेगळा काढतो. शर्यतींमधलं थांबणं, होडी उलटल्यावरची मिनिटं, किनाऱ्यावरून ढकलत नेणं, हेही वेगळं काढतो, पण पुसत नाही. प्रत्येक तुकड्यापुढं कारण लिहितो, म्हणजे उद्या कोणाला पटलं नाही तर तो परत आणता येतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो वाऱ्यावर. वाऱ्याकडं जाताना नुसता वेग पाहून काही कळत नाही. वाऱ्याच्या दिशेनं होडी प्रत्यक्षात किती पुढं सरकली ते पाहावं लागतं. चार नॉटनं ४५ अंशांवर जाणारी होडी वाऱ्याकडं २.८३ नॉटनं सरकते, ३.८ नॉटनं ४० अंशांवर जाणारी २.९१ नॉटनं. हळू दिसणारी पुढं जाते. पण हा हिशेब पूर्णपणे वाऱ्याच्या दिशेवर उभा आहे. समजा होडी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी, चार नॉटनं चालते आहे आणि आपण वाऱ्याची दिशा फक्त पाच अंश चुकीची धरली. एका बाजूला ३.०६ दिसेल, दुसऱ्या बाजूला २.५७. एका मुलीच्या हातात असाच कागद पडला होता. उजवीकडून वारा घेताना ती कच्ची आहे, असं त्यावर छापलेलं. विश्लेषणाच्या ॲपनं वाऱ्याची सकाळची दिशा दुपारपर्यंत तशीच धरली होती आणि वारा तर मधे फिरला होता. दर काही मिनिटांनी दोन्ही बाजूंच्या मार्गांचा मध्य काढून दिशा नव्यानं ठरवली, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. तिचा व्हॉइस मेसेज आला, “दादा, मग मी त्या बाजूला बरोबरच चालवते ना?” माझ्यासाठी या कामाचा मोबदला तो होता.

(हा मध्य काढताना साधी सरासरी चालत नाही. ३५० आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे दक्षिण. खरी दिशा उत्तर. दिशांची बेरीज सदिशांसारखी करावी लागते.)

आणि पाण्याचा ओढ. जीपीएस जमिनीच्या हिशेबानं वेग सांगतं, पाण्याच्या नाही. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीला पाणी जोरात वाहतं, तेव्हा ओढाबरोबर जाणारी होडी फुकट वेगवान दिसते. शेजारचे काकाजी गोसीखुर्दचं धरण भरण्याच्या आधीपासून वैनगंगेत डोंगा टाकत आले आहेत. त्यांना हे एका वाक्यात समजलं. “धारेत डोंगा हाकला नाही तरी काठ मागं जाते, त्यात डोंग्याचं काय कौतुक?” म्हणून सकाळच्या मुलाची दुपारच्या मुलाशी तुलना मी कधीच करून देत नाही, एकाच वेळी, एकाच पाण्यात असलेल्या दोघांचीच करतो. नवीन यंत्र आलं की आता बॅकवॉटरच्या थबकलेल्या पाण्यावर काकाजींच्या डोंग्यात जुन्याशेजारी बांधतो आणि दोन्हींचे आकडे ताडून पाहतो. समुद्रापासून लांब असण्याचा हा एक खरा फायदा आहे.

“पण शिडाच्या होड्या आपल्या लोकांच्या कामाच्या नाहीत,” असंही ऐकतो. मला ते मान्य नाही. नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. भोपाळच्या तलावावर शिकली आणि हांगझोच्या आशियाई खेळांत २०२३ साली आयएलसीए ४ प्रकारात रौप्यपदक घेऊन आली. भोपाळला तरी कुठं समुद्र आहे? हैदराबादच्या हुसेनसागरावर शर्यती होतात. भंडारा-गोंदियात तलावांची कमी नाही आणि वाऱ्यावर कोणाची मालकी नाही.

तेव्हा ज्यांची मुलं कुठं शिडाची होडी शिकत असतील, एनसीसीत असो की सुट्टीतल्या शिबिरात, त्यांनी जीपीएस घड्याळातली नोंद दर सेकंदाला होईल अशी लावून घ्यावी. घड्याळाच्या मर्जीवर सोडली तर ते मधले बिंदू गाळतं आणि होडीचं वळणच हरवतं. ऑप्टिमिस्ट २.३ मीटरची; पाच नॉटला सेकंदागणिक होडीच्या लांबीएवढं अंतर जातं, त्याहून विरळ नोंद कामाची नाही. सराव संपल्यावर चार ओळी लिहा: वारा कुठून होता, केव्हा फिरला, कधी ओढून नेलं, कधी उलटलात. त्या चार ओळी आणि यंत्रातली मूळ फाईल आणून द्या. बाकीचं मी पाहतो.