गार्ड नसलेला ग्रायंडर

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. गच्चीतल्या कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड करायचाय, म्हणून तिथून ४ इंची अँगल ग्रायंडर (फिरत्या डिस्कने लोखंड कापायचं-घासायचं मशीन) घेतला. गार्ड (डिस्कवरचं संरक्षक कव्हर) नाही, बाजूचं हँडल नाही, डिस्क आवळायचा नटही नाही. तरी घेतला, कारण मशीनचा जीव शाबूत आहे.

स्पिंडल (डिस्क बसते तो दांडा) हाताने फिरवला: खरखर नाही, प्ले म्हणजे ढिलेपणा नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. मग म्हटलं, "दादा, वायर लावून दाखवा." ब्रशपाशी (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) बारीक ठिणग्या दिसल्या तर चालतं. कम्युटेटरभोवती (ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याचं गोल) आगीचं कडं फिरलं किंवा जळका वास आला, तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, गेलं समजा आणि पुढे चला. कार्बन ब्रश झिजलेले असतील तर फक्त भाव पाडून घ्या, ते स्वस्तात मिळतात.

नट बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात मिळाला. मशीन सोबत न्या. ४ इंचीचे आटे बहुतेक एम१० (१० मिमी व्यासाचे) असतात, ५ इंचीचे एम१४.

गार्ड मात्र मॉडेलप्रमाणे बदलतो, कॉलरचा (मशीनवर गार्ड आवळला जातो त्या गळ्याचा) व्यास मोजूनच घ्यावा. त्याच्याशिवाय मी मशीन चालवणार नाही आणि तुम्हीही चालवू नका. मिनिटाला ११,००० फेरे घेणारी डिस्क फुटली तर तुकडा थेट तोंडावर येऊ शकतो. गार्ड नाही म्हणून ७ इंची डिस्क बसवणारे पाहिले की माझा जीव खालीवर होतो. तिच्यावर छापलेली वेगमर्यादा या मशीनच्या वेगापेक्षा कमी असते.

हँडल अजून मिळालेलं नाही. कुणाकडे एम८ आट्यांचं जुनं पडून असेल तर कळवा. तोवर कापाकापी बंद.