बोंडू, लाइट आणि पुढची गाडी

आमची डिझेल गाडी आता तेराव्या वर्षात आहे, खाऱ्या वाऱ्याने दारांचा पत्रा खालून खाल्लाय, त्यामुळे यंदा गणपतीला सगळे कोकणात लांज्याला घरी जमले तेव्हा आरती झाली की विषय एकच, पुढची गाडी कशावर चालणारी घ्यायची.

मुंबईचा दादा सीएनजीवाला. पर किलोमीटर खर्च सांगत सुटला होता, पण येताना पंपाच्या लायनीत दीड तास गेला हे वहिनीने सांगून टाकलं. डिकीत टाकी, म्हणून परत जाताना नारळ आणि तवशी तिच्याच मांडीवर.

पेट्रोल म्हणाल तर आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा, म्हणजे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. पण आपल्याकडे खरा घोळ वेगळाच आहे, इथेनॉल पाणी ओढतं. चाकरमान्यांच्या स्कूटर पडवीत ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने उभ्या, टाकी अर्धी रिकामी, आणि पावसात भिंतीला बुरशी येते एवढी दमट हवा. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि गाडी आधी तेच ओढते. आमचा मेकॅनिक म्हणतो, "फुल करून ठेवा नायतर पूर्ण रिकामी करा, अर्धवट नको."

काकांचं मात्र भलतंच. इथेनॉल उसाचं, ऊस घाटावरचा, मग आपण काजूच्या बोंडूचं इथेनॉल का करू नये? आता हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही हां. काजूची बी काढून बोंडू झाडाखाली टाकून देतो आपण, एप्रिलमध्ये बागेत नुसता आंबूस वास आणि माशा. गोव्यात त्याचीच फेणी होते, म्हणजे अल्कोहोल होतंच की. पण बोंडू एक-दोन दिवसांत सडतो, बागा डोंगरउतारावर विखुरलेल्या, गोळा करायला गडी मिळत नाही, आणि सिझन संपल्यावर कारखान्याने वर्षभर काय करायचं? मी नाद सोडला, काकांनी नाही.

हायड्रोजनचं कुणीतरी काढलंच, २०२२ मध्ये गडकरी त्या हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले होते ना. पण विजेने पाण्यातून हायड्रोजन काढा, ७०० बार दाबाने टाकीत भरा, गाडीत परत त्याची वीज करा, या उलाढालीत मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. मग तीच वीज सरळ बॅटरीत घातली तर काय बिघडलं?

मी मित्राच्या इलेक्ट्रिकमधून आंबा घाट केलाय. साखरप्यावरून चढताना टक्के असे उतरतात की बघवत नाही, पण उतरताना पाय काढला की मोटरच जनरेटर होते आणि आकडा चक्क वर जातो. गेलेलं सगळं परत येत नाही, तरी मजा वाटते. आणि मुंबईत पार्किंगमध्ये एक प्लग लावायला सोसायटीच्या मिनतवाऱ्या, इथे खळ्यात १५ अँपिअरचा प्लग आहेच, तासाला साधारण ३ युनिट, म्हणजे रात्रभरात ३० युनिटची बॅटरी जवळजवळ फुल. रत्नागिरीला जाऊन येऊन वर उरेल.

मी जिंकल्यासारखा बसलो होतो. तेवढ्यात बाबा म्हणाले, "आणि जुलैत फांदी पडून दोन दिवस लाइट गेली की?"

सोलर म्हणणार होतो, पण जुलैत ऊन कुठलं.

सध्या जुन्या गाडीच्या दारांना पत्रा मारायला टाकलाय.