खोकल्यावर गळते, की लागल्यावर धरवत नाही? – माझा अनुभव

खोकला येतोय असं वाटलं की आधी मांड्या आवळायच्या आणि मग खोकायचं, ही सवय मला धाकट्याच्या बाळंतपणापासूनची. तेव्हा लघवीचा एखादा थेंब यायचा. पाळी गेल्यावर थेंबावर भागेना. शिंक आली, पाण्याची बादली उचलली, मुलांच्या कवायतीत दोन उड्या मारल्या की कपडे ओले. गेल्या पावसाळ्यात तापानंतर खोकला रेंगाळला आणि त्यात भर पडली: लघवीला लागली की लागलीच, मोरी गाठेपर्यंत दम नाही. कुलपात किल्ली घातली की हमखास सुटायची.

मी तासगावकडच्या एका शाळेत शिकवते. आमच्याकडे कित्येक शिक्षिका सकाळी अर्धा कप चहावर निघतात आणि घरी परतेपर्यंत पाण्याला शिवत नाहीत, कारण शाळेतलं स्वच्छतागृह. गळायला लागलं की पाणी आणखी तोडलं जातं. त्यानं लघवी दाट होते, लघवीच्या पिशवीला चुरचुरते, बद्धकोष्ठ होतं आणि घाई उलट वाढते.

जाऊबाई म्हणाल्या, "दोन लेकरं झाली, वय झालं, आता हे चालायचंच." जवळच्या एका डॉक्टरांनी लघवी न तपासताच जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या, फरक शून्य, तर पुन्हा त्याच. मग थोरलीनं माझ्याशी न बोलताच मिरजेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. "आई, पॅडवर एवढे पैसे घालतेस, एकदा डॉक्टरांना तरी दे," एवढंच म्हणाली.

मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा विचारलं ते हे: "ताई, खोकल्यावर गळते, की लागल्यावर धरवत नाही?" मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी कागदावर दोन रकाने पाडले आणि तिथून पुढचं सगळं सोपं होत गेलं.

खोकताना, हसताना, वजन उचलताना गळते तेव्हा दोष ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा असतो. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत हे स्नायू झोळीसारखे बांधलेले असतात आणि लघवीची पिशवी, गर्भाशय, मलाशय यांना खालून आधार देतात. बाळंतपणात ते ताणले जातात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊन तिथली त्वचाही पातळ, कोरडी होते. वाढलेलं वजन, जुना खोकला, शौचाला कुंथणं यांनी त्यांच्यावरचा भार वाढत राहतो. लागल्यावर धरवत नाही, तो प्रकार वेगळा. तिथे पिशवीचा स्नायू ती भरण्याआधीच अवेळी आकुंचन पावतो. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. मला दोन्ही होतं.

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी) झालं, रक्तातली साखर पाहिली. मधुमेह असेल किंवा जंतू असतील तर आधी तेच सावरावं लागतं. बीपीची कोणती गोळी चालू आहे हेही मॅडमनी पाहिलं, कारण काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि काहींनी कोरडा खोकला लागतो. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत पिशवीत किती उरते ते पाहिलं. माझ्या पिशवीत जवळजवळ काहीच उरत नव्हतं, म्हणजे ती रिकामी नीट होत होती.

त्यानंतरची तपासणी मला सगळ्यात जड गेली. पिशवी भरलेली ठेवून टेबलावर झोपायचं आणि खोकायचं. सिस्टरनं खाली कापड धरलं होतं. मी तोंडातल्या तोंडात खोकले. मॅडम म्हणाल्या, "असं नाही, घरात खोकता तसं खोका. गळलं तरच मला कळेल." मी जोरात खोकले आणि गळलं. सिस्टरनं कापड बदललं, मॅडमनी हातमोजा घालून स्नायू आवळायला सांगितले, जोर किती लागतो ते तपासलं आणि अंग (गर्भाशय) खाली आलं नाहीये ना तेही पाहिलं. पाच मिनिटांत आटोपलं. ही तपासणी टाळावीशी वाटणं मी समजू शकते, पण माझ्या उपचाराची दिशा तिच्यावरच ठरली.

मग घरी तीन दिवस नोंद ठेवायची होती. मोरीत मापाचा मग ठेवला. किती वाजता, किती मिली, काय प्यायलं, कधी गळलं, सगळं वहीत. पिशवीत साधारण 300 ते 400 मिली आरामात मावते. माझी वही पाहिली तर बऱ्याच वेळा 100, 120. बाहेर पडताना "जाऊन घेते", तासाच्या आधी "जाऊन घेते", असं करत पिशवीला थोडक्यातच रिकामं व्हायची सवय लागली होती. ती मोडायची तर लागल्यावर लगेच पळायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, खालचे स्नायू पटापट काही वेळा आवळायचे, श्वास चालू ठेवायचा, लाट ओसरू द्यायची, मग सावकाश जायचं. आधी पाच-दहा मिनिटं, मग पंधरा, असं वाढवत दोन वेळांमधलं अंतर तीन तासांच्या आसपास न्यायचं. चहा कमी आणि दिवसभर थोडं थोडं पाणी.

पहिल्या रकान्यासाठी, म्हणजे खोकल्यावर गळण्यासाठी, फिजिओकडे पाठवलं. हे व्यायाम अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1948 मध्ये मांडले, त्यांच्याच नावानं ओळखले जातात. ऐकायला सोपे आहेत, पण नीट कुणी शिकवल्याशिवाय जमत नाहीत असं माझं ठाम मत झालंय. वायू अडवताना जे आवळतो आणि लघवी थांबवताना जे आवळतो, ते दोन्ही एकत्र आत आणि वर ओढायचं. बहुतेक जणी कुल्ले, मांड्या आवळतात किंवा श्वास कोंडून पोट खाली ढकलतात, आणि त्यानं भार वाढतो. फिजिओनं माझ्या पोटावर हात ठेवून मोठ्यानं आकडे मोजायला लावले, म्हणजे श्वास अडकणार नाही. निदान आठ वेळा आवळायचं, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने. लघवी चालू असताना मधेच थांबवून रोज व्यायाम करायचा नाही.

सुरुवातीचे कित्येक दिवस काहीच बदललं नाही. मी वैतागले, फिजिओ मात्र शांत होती. स्नायू कमावायला वेळ लागतोच, म्हणाली. तिनं आणखी एक शिकवलं: खोकला किंवा शिंक येण्याच्या क्षणभर आधी तळाचे स्नायू आवळायचे. मांड्या नव्हे. मला पहिला फरक याच्यामुळे दिसला. फळ्यावर लिहिताना शिंक आली आणि कोरडी गेली!

घाईसाठी मॅडमनी सोलिफेनॅसिनची गोळी दिली होती. घाई कमी झाली, पण तोंडाला कोरड पडायची आणि पोट साफ होईना. बद्धकोष्ठानं पिशवीवर दाब येतो, म्हणून पिशवीला वळण लागल्यावर मॅडमनीच ती बंद केली. मिराबेग्रॉन नावाची दुसरी गोळी असते, पण ती बीपी पाहून देतात. योनीच्या कोरडेपणासाठी आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. त्याआधी स्तनाच्या कर्करोगाबद्दल खोदून विचारलं.

शेजारच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी काकांसाठी गोळीचं नाव मागितलं. काकांचे थेंब गळत राहतात, धार बारीक. मी नाव दिलं नाही. पुरुषांत प्रोस्टेट ही ग्रंथी वाढून पिशवी रिकामीच होत नसेल तर वरची लघवी ओसंडून गळते, आणि अशा वेळी पिशवी सैल करणारी गोळी घेतली तर लघवी अडकूही शकते. काका मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांच्या पिशवीत बरीच लघवी उरत होती, औषध निघालं ते प्रोस्टेटचं.

लघवीतून रक्त येत असेल, अचानक लघवी अडली असेल, किंवा कंबरदुखीसोबत मांडीच्या आतल्या भागाला बधिरपणा येऊन ताबा गेला असेल तर व्यायामाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता माझी घाई जवळजवळ गेली आहे. जोराच्या खोकल्यात अजून कधी थेंब येतो. मूत्रनलिकेखाली जाळीची पट्टी बसवण्याच्या ऑपरेशनबद्दल मॅडमनी दोन्ही बाजू सांगितल्या: बऱ्याच बायकांना त्यानं आराम पडतो, पण काहींना जाळीचा त्रास होतो, आणि इंग्लंडमध्ये 2018 साली तिचा वापर थांबवला गेला होता. मी सध्या व्यायामावरच आहे. दिवाळीनंतर पुन्हा तीन दिवसांची वही घेऊन जायचंय, ऑपरेशनचं तेव्हा ठरवू.