एक्क्याण्णव मधमाश्या

परवा फ्लॉरेन्समध्ये जे झालं ते लिहूनच ठेवतो. मी टूर मॅनेजर, ग्रुप २८ जणांचा, बहुतेक पुणे-नाशिकचे, आणि सकाळी म्युझियमच्या दारात कळलं की आज संप, बंद. लोक वैतागले, साहजिकच आहे, किती वर्षं पैसे साठवून आलेले असतात. मग सगळ्यांना चालवत सान्तिस्सिमा अनुन्झियाता चौकात नेलं, तिथं घोड्यावर फेर्दिनांदो द मेदिचीचा पुतळा बसलाय, फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातला, माझा फार आवडता माणूस, एरवी त्याच्यासाठी वेळच उरत नाही.

सांगायला लागलो. हा १५६३ मध्ये, अवघा १३ वर्षांचा असताना कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, झाला, कारण कार्डिनल असलेला भाऊ आदल्याच वर्षी तापाने गेला आणि घराण्याला रोममध्ये आपलं माणूस हवं होतं. पुढे १५८७ मध्ये थोरला भाऊ, टस्कनीचा, म्हणजे फ्लॉरेन्सच्या या मुलखाचा, ग्रँड ड्यूक (राजाच म्हणा) फ्रान्चेस्को, आणि त्याची बायको एका दिवसाच्या अंतराने गेले, मलेरिया की विष हा वाद अजून मिटलेला नाही, आणि गादी आली याच्याकडे.

मागून एक आजी म्हणाल्या, "अरे पण संन्यासी माणूस परत संसारात कसा?"

म्हटलं, आजी, कार्डिनलची लाल टोपी घातली पण पाद्र्याची दीक्षा त्याने कधी घेतलीच नव्हती, म्हणून १५८८ मध्ये पोपच्या परवानगीने पद सोडता आलं आणि १५८९ मध्ये लग्न केलं.

"मग ठीक आहे," आजी म्हणाल्या.

राज्य त्याने मनापासून केलं असं मला वाटतं. लिव्होर्नो बंदरात ज्यू, तुर्क, आर्मेनियन अशा सगळ्या व्यापाऱ्यांना १५९१ आणि १५९३ च्या फर्मानांनी अभय दिलं, त्या काळात ही साधी गोष्ट नाही. पण हा घोडा ओतला तो तुर्की जहाजांवरून लुटलेल्या तोफांच्या धातूतून, तेही सांगितलं, लपवायचं कशाला.

चौथऱ्याच्या मागे ब्राँझची पाटी आहे, मधे राणी माशी आणि भोवती गोल रांगांत माश्या, ९१ म्हणतात, आणि बोट न लावता मोजायच्या. ग्रुपमधला नऊ वर्षांचा पोरगा मान हलवत मोजायला लागला, "सहा, सात, आठ, नऊ", आणि बाजूला उभे असलेले एक इटालियन आजोबा त्याच्या सुरात, "सेई, सेत्ते, ओत्तो, नोवे". अंगावर काटा आला माझ्या! कारण संस्कृत आणि इटालियन आकड्यांमधलं हेच साम्य फिलिप्पो सास्सेत्ती नावाच्या फ्लॉरेन्सच्याच व्यापाऱ्याने तेव्हा हिंदुस्थानातून घरी कळवलं होतं, तो कोचीनहून या फेर्दिनांदोलाही, कार्डिनल असताना, पत्रं लिहायचा, आणि १५८८ मध्ये वारला तो आपल्या गोव्यात.

हे सांगेपर्यंत अर्धा ग्रुप मान हलवत मोजत होता. बसची वेळ झाली म्हणून हाक मारली तर आजी वळल्याही नाहीत.

"थांब रे बाळा, त्र्याऐंशी झाल्यात."